मशीनशॉपमधलं पर्यावरण-प्रशिक्षण: हवेच्या गळतीपासून ताटातल्या खरकट्यापर्यंत

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यातलं मध्यम आकाराचं मशीनशॉप डोळ्यांसमोर आणा. तीन शिफ्ट, सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ आणि व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), एक वॉशिंग मशीन, हवा दाबून मशीनना पुरवणारे दोन स्क्रू कॉम्प्रेसर, कॅन्टीन आणि काचेच्या पार्टिशनमागचं ऑफिस. अशा ठिकाणी कामगारांना वीज, हवा, पाणी, तेल जपून वापरायला शिकवायचं तर काय काय करावं लागतं आणि कुठे घोडं अडतं, हे इथे क्रमाने मांडतो आहोत. आमच्यात सुरक्षा-पर्यावरण, मेंटेनन्स आणि हाउसकीपिंग-कॅन्टीन अशा तिन्ही बाजूंचे लोक आहेत. हे प्रशिक्षण एका विभागाने एकट्याने केलं की फसतं, म्हणून लिहितानाही आम्ही एकत्र बसलो.

पहिल्या आठवड्यात वर्ग घ्यायचाच नाही, फक्त मोजायचं. सुरुवात रविवारपासून. शनिवारी शेवटची शिफ्ट सुटली की वीजमीटरचं रीडिंग घ्यायचं आणि सोमवारी पहिली शिफ्ट लागण्याआधी पुन्हा घ्यायचं. युनिटच्या फरकाला मधल्या तासांनी भागलं की कोणीही काम करत नसताना कारखाना किती किलोवॅट खातो ते कळतं. हा आकडा प्रशिक्षणाचा पाया आहे, कारण त्यात उत्पादन कमी-जास्त झाल्याची पळवाट नसते. मग रविवारी दुपारी शॉपमधून फिरायचं. चालू राहिलेला कॉम्प्रेसर, कंट्रोल ऑन ठेवलेली सीएनसी, हायड्रॉलिक पॉवरपॅक, दिवसाढवळ्या जळणारे यार्डातले दिवे, वॉटर कूलर, पॅनेलचे एसी, सगळं वहीत लिहायचं. शक्य असेल तिथे मेंटेनन्सच्या माणसाने क्लॅम्प मीटर लावून करंट नोंदवायचा.

याच फेरीत हवेची गळती ऐकू येते. चालू शिफ्टमध्ये मशीनच्या आवाजाखाली ती दबलेली असते. रविवारी मात्र प्रत्येक ओळीतून फुसफुस, सुर्र असा आवाज येतो. गळती मोजायची पद्धत सोपी आहे. हवा वापरणारं एकही काम चालू नसताना कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि तो किती वेळ लोडवर चालतो (हवा दाबतो), किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) हे घड्याळ लावून निदान पाच-सहा वेळा नोंदवायचं. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागून १०० ने गुणलं की गळतीची टक्केवारी मिळते. समजा, मिनिटाला ५ घनमीटर हवा देणारा ३० किलोवॅटचा कॉम्प्रेसर दीड मिनिट लोडवर आणि साडेचार मिनिटं अनलोडवर राहिला. म्हणजे गळती २५ टक्के, मिनिटाला सव्वा घनमीटर. साडेसात किलोवॅट नुसत्या भोकांसाठी. चांगल्या सांभाळलेल्या शॉपमध्ये हा आकडा १० टक्क्यांच्या आत असायला हवा.

कामगारांना टक्केवारी सांगून काही पोचत नाही. त्यांना एक भोक दाखवावं लागतं. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर सेकंदाला साधारण १० लिटर हवा जाते आणि तेवढी हवा दाबायला सुमारे साडेतीन किलोवॅट लागतात. चोवीस तासांत ८४ युनिट. ९ रुपये युनिट धरला तर दिवसाला ७५६ रुपये. एका युनिटमागे ग्रिडवर साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दिवसाला ५९ किलोच्या आसपास. आम्ही ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट हातात देतो, ‘एवढंच भोक’ म्हणतो आणि रुपये फळ्यावर लिहितो. कार्बनचा आकडाही लिहितो, पण दुसऱ्या ओळीत.

मोजणीच्या आठवड्यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी सुटतं. एखादी चुकीची सवय दिसली की ती का आहे, हे त्या माणसाला त्याच्या मशीनपाशी जाऊन विचारायचं. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वहीत लिहायचा नाही. ड्रेन कॉक अर्धवट उघडा ठेवलेला दिसतो. विचारलं की कळतं, हवेतून पाणी येतं, चकचा, म्हणजे घडवायचा भाग धरणाऱ्या पकडीचा, सिलिंडर अडकतो, म्हणून ठेवला. खरा दोष हवा कोरडी करणारा ड्रायर बंद पडल्याचा किंवा साचलेलं पाणी आपोआप सोडणारा ऑटो ड्रेन तुंबल्याचा असतो. जेवणाच्या सुट्टीत मशीनची हवा कोणी बंद करत नाही, कारण बॉल व्हॉल्व्ह मशीनच्या मागे डोक्याच्या वर बसवलेला असतो आणि तिथे पोचायला शिडी लागते. सुटताना सगळे एअर गनने कपडे झाडतात, कारण चिप्सनी अंगाला खाज सुटते आणि झाडायला दुसरं काही दिलेलंच नसतं. यातलं एकही काम व्याख्यानाने सुटणार नाही. व्हॉल्व्ह हाताच्या उंचीवर आणायचा, ऑटो ड्रेन दुरुस्त करायचा, दर चार मशीनमागे एक मऊ ब्रश टांगायचा. हे झाल्यावर वर्ग घ्यायचा. आधी घेतला तर माणसं मान डोलावतात आणि मशीनवर जाऊन तेच करतात, कारण त्यांना दुसरा मार्गच नसतो. आमच्या मते या प्रशिक्षणाचं निम्मं काम माणसांना शिकवण्याआधी, पाना आणि वेल्डिंग मशीन घेऊन करायचं असतं.

एअर गनबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगावीच लागते. ७ बारची हवा अंगावर मारणं जीवावर बेतू शकतं. हवा जखमेतून कातडीखाली शिरते, चिप्स डोळ्यांत जातात. साफसफाईच्या गनला दाब २ बारच्या आसपास ठेवणारा रेग्युलेटर किंवा सेफ्टी नोझल लावायचं. हवाही वाचते, डोळेही वाचतात.

आता वर्ग. एका गटात १० ते १२ जण, वेळ ४० मिनिटं. त्यातली १० मिनिटं बसून आणि ३० मिनिटं शॉपवर. यापेक्षा मोठा गट घेतला की मागचे चार जण फक्त हजेरीला असतात. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही, कारण मराठवाडा-विदर्भातल्या पोरांच्या बरोबरीने उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कंत्राटी कामगार असतात. पडद्यावर ध्रुवीय अस्वल आणि वितळणारा बर्फ दाखवत नाही. त्याच शॉपमधले, त्याच आठवड्यात काढलेले सहा-सात फोटो दाखवतो, तेही माणसाचा चेहरा न येईल असे.

शॉपवर प्रत्येकाच्या हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे. जॉइंटवर लावलं की बुडबुडे येतात. मोठ्या गळतीत फेस उडून जातो आणि काहीच दिसत नाही, तेव्हा कानावर भरवसा ठेवायचा. हात लावून गळती शोधायची नाही आणि इलेक्ट्रिकल पॅनेलजवळ पाणी न्यायचं नाही, ही दोन बंधनं सुरुवातीलाच.

इथे एक जागा आम्ही मुद्दाम जवळून दाखवतो. मशीनच्या मागे हवा गाळून दाब नेमून देणाऱ्या एफआरएल युनिटपासून सोलेनॉइडकडे (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हकडे) जाणारी निळी पीयू (प्लॅस्टिकची) ट्यूब. पुश फिटिंगमध्ये ती जिथे शिरते तिथे साबण लावला की बारीक, दाट, साखरेच्या पाकासारखा फेस धरतो. ट्यूब काढून टोक पाहिलं की कारण समोर येतं: पकडीने किंवा साइड कटरने कापल्यामुळे टोक तिरकं आणि चेपलेलं आहे. फिटिंगच्या आतल्या ओ-रिंगला गोल, सरळ टोक लागतं. मग ट्यूब कटरने काटकोनात कापायची, टोकावरचा ओरखडा गेला आहे ना ते बघायचं आणि पूर्ण आत बसेपर्यंत दाबायची. फेस थांबतो. हे करण्याआधी लाइन बंद करून दाब शून्यावर आला आहे याची खात्री गटातल्या एकाकडून करून घेतो. थ्रेडच्या जॉइंटला टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने, दोन-तीन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. टेप उलटी गुंडाळली की घट्ट करताना ती सुटत जाते, आणि पहिल्या आट्यावर आली तर तिचे तुकडे सोलेनॉइडमध्ये जाऊन अडकतात. ज्याने स्वतःच्या हाताने असा एक जॉइंट बंद केला, त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

त्यानंतर टॅग. दोन भागांचा, बारीक भोकांच्या रेषेवर फाटणारा. त्यावर क्रमांक, तारीख, मशीन, नेमकी जागा, गळती हवेची, तेलाची की पाण्याची, आणि शोधणाऱ्याचं नाव. एक भाग जागेवर बांधायचा, दुसरा मेंटेनन्सच्या बोर्डावर. सगळी योजना इथे टिकते किंवा मोडते. टॅग लागल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती झाली तर पुढच्या आठवड्यात आणखी टॅग येतात. महिनाभर टॅग तसाच लोंबकळत राहिला तर तेल लागून काळा पडलेला तो कागदच सगळ्यांना सांगतो की याची कोणाला गरज नाही. म्हणून वर्गाच्या आधी फिटिंग, ट्यूब, ओ-रिंग, क्लिप यांचा साठा करून ठेवायचा आणि आठवड्यातले ठरलेले चार तास एका फिटरला फक्त टॅगसाठी मोकळं ठेवायचं. हे मान्य होत नसेल तर टॅग छापू नका. सुपरवायझरच्या सकाळच्या मीटिंगमध्ये उत्पादन आणि रिजेक्शनच्या शेजारी ‘उघडे टॅग’ असा तिसरा आकडा यायला हवा. तो आला नाही तर सुपरवायझर मनात असूनही त्याच्या मागे लागू शकत नाही.

टॅगमागे पैसे द्यायचे का, हा प्रश्न दरवेळी येतो. आमचं मत देऊ नये असं आहे. पैसे लावले की एकाच जॉइंटवर तीन जणांचे तीन टॅग येतात आणि भांडणं होतात. शोधणाऱ्याचं आणि दुरुस्त करणाऱ्याचं, अशी दोन्ही नावं बोर्डावर लिहायची. फिटरचं नाव विसरलं जातं, ते विसरू नये.

गळत्या बंद झाल्या की कॉम्प्रेसरचा सेट प्रेशर उतरवता येतो. दाब १ बारने कमी केला तर त्याची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते. पण तो एकदम उतरवायचा नाही. ०.२ बारने खाली आणायचा आणि लाइनच्या शेवटच्या मशीनवर चक क्लॅम्पिंगचा दाब तपासायचा. क्लॅम्पिंग सैल झालं तर जॉब (घडवायचा भाग) उडेल. घाई करून एकदा जरी अलार्म आला, तरी सगळा दोष ‘त्या पर्यावरणवाल्यांवर’ येतो आणि प्रेशर पुन्हा वर जातो.

मशीन बंद करण्याच्या बाबतीत ऑपरेटरचा विरोध बहुतेक वेळा रास्त असतो. थंड पडलेल्या सीएनसीचा पहिला जॉब मापात येत नाही. स्पिंडल आणि बॉल स्क्रू गरम होऊन स्थिर व्हायला वेळ लागतो. त्यामुळे ‘काम नसेल तेव्हा मशीन बंद’ असा सरसकट नियम शिकवू नये. अर्ध्या तासाच्या सुट्टीत कूलंटचा (धातू कापताना सोडायच्या तेलमिश्रित पाण्याचा) पंप, चिप कन्व्हेयर, मशीनचा दिवा आणि एअर कर्टन एवढंच बंद. शिफ्ट रिकामी जाणार असेल तर हायड्रॉलिकसुद्धा. सुट्टीच्या आदल्या दिवशी अॅक्सिस होमला आणायचे, कूलंट बंद, हायड्रॉलिक बंद, कंट्रोल बंद आणि शेवटी मेन आयसोलेटर. इमर्जन्सी स्टॉप हे रोजचं स्विच नव्हे, हेही सांगायचं. हा क्रम मशीनवर चित्रांसह चिकटवायचा, आणि कोणत्या मशीनला तो लागू नाही हे मेंटेनन्सने आधी ठरवायचं.

दिव्यांची अडचण वेगळीच. २४ स्विचचा बोर्ड, एकावरही नाव नाही. कोणता दाबला तर कुठला अंधार होईल हे माहीत नसल्याने कोणी हात लावत नाही. एका दुपारी दोघांनी मिळून बोर्ड तपासायचा आणि ठिपके चिकटवायचे. हिरवा, कोणीही बंद करा. पिवळा, सुपरवायझरला विचारून. लाल, हात लावायचा नाही. पत्र्यात पारदर्शक शीट असलेल्या भागातले दिवे हिरवे. ऑफिसचा भाग तर दहा मिनिटांत उरकतो: एसी २४ ते २६ अंशांवर आणि सोबत पंखा. १ जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंश बंधनकारक झालं. एका अंशाने तापमान वाढवलं तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशोबाने साधारण ६ टक्के वीज वाचते. प्रिंटरचं सेटिंग दोन्ही बाजूंनी छपाईचं करून टाकलं की त्यावर बोलायची गरज उरत नाही.

तेल आणि चिंध्यांचा विषय मात्र सावकाश शिकवावा. शॉपमधलं वापरलेलं तेल, तेलकट कॉटन वेस्ट आणि केमिकलचे रिकामे बॅरल हा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. परिशिष्ट एकमध्ये तेल ५.१, बॅरल ३३.१ आणि चिंध्या ३३.२. हे क्रमांक कामगारांनी पाठ करायची गरज नाही. स्टोअरच्या माणसाला मात्र ते हवेत, कारण लेबलवर आणि मॅनिफेस्टवर (कचऱ्याच्या गाडीसोबतच्या कागदावर) तेच लिहायचे असतात आणि हा माल ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही. तो अधिकृत ठिकाणीच जायला हवा. पुणे भागात रांजणगावला असा सामायिक प्रकल्प आहे. कामगाराला कळायला हवं ते इतकंच: तेलाची चिंधी पुठ्ठ्याच्या डब्यात पडली तर पुठ्ठ्याचा सगळा गठ्ठा भंगारवाल्याकडून परत येतो किंवा चोरून कुठेतरी जाळला जातो. उलट, कागद आणि चहाचे कप घातक कचऱ्याच्या डब्यात गेले तर त्यांच्याही विल्हेवाटीचे किलोवर पैसे मोजावे लागतात.

तेल सांडल्यावर पाण्याचा पाइप मारायचा नाही, हे प्रत्यक्ष करून दाखवायचं. आधी गळती थांबवायची, मग भोवती शोषक दोर किंवा वाळूची पाळ, मग पॅडने टिपणं आणि टिपलेलं सगळं घातक कचऱ्याच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यात. लाकडाचा भुसा स्वस्त पडतो, पण तेल प्यायलेला भुसासुद्धा घातक कचराच होतो आणि त्याचं वजन वाढतं, म्हणून तो कमीत कमी. जवळच्या पावसाळी गटाराची जाळी कुठे आहे ती प्रत्येक गटाला चालत नेऊन दाखवायची. भोसरीतला पावसाळी नाला शेवटी इंद्रायणीला किंवा पवनेलाच मिळतो. आळंदीला नदीवर तरंगणारा फेस इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो, आणि गटातल्या कितीतरी जणांच्या घरी वारी असते. त्या जाळीपाशी उभं राहिल्यावर वेगळं काही समजवावं लागत नाही. इंद्रायणीचं नाव घेतलं की माणसं आपणहून बोलायला लागतात.

कूलंटचंही तसंच. रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यातलं तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) रोज सकाळी तपासायचं आणि पुरवठादाराने सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेक कामांना ५ ते ८ टक्क्यांत, ठेवायचं. वाचलेला आकडा तसाच धरायचा नाही, त्या कूलंटच्या ठरलेल्या गुणकाने तो गुणायचा. टाकी कमी झाली की नुसतं पाणी ओतायची सवय असते. त्यामुळे कूलंट पातळ होतं, जंतू वाढतात, सोमवारी सकाळी कुजका वास येतो आणि अख्खी टाकी फेकावी लागते. वर तरंगणारं स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) तेल स्किमरने काढलं तर तीच टाकी कितीतरी जास्त टिकते. बॅरलमध्ये मिसळताना आधी पाणी आणि मग तेल, उलट केलं की ते फाटतं.

कॅन्टीनमध्ये पाच दिवस दोन वेगळे डबे ठेवून वजन करायचं. एकात ताटातलं उष्टं, दुसऱ्यात पातेल्यात उरलेलं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पातेल्यातलं उरतं ते किती जण जेवणार हे आचाऱ्याला वेळेत कळत नाही म्हणून. त्यावर उपाय टाइम ऑफिसने सकाळी हजेरीचा आकडा कळवणं हाच. ताटातलं उरतं ते बहुधा भाताचं, कारण वाढपी मोठ्या डावाने एकदाच भरपूर वाढतो आणि रांग लांब असल्याने माणूस दुसऱ्यांदा यायला नको म्हणून जास्त घेतो. डाव लहान करायचा आणि ‘परत वाढ’ घेणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी ठेवायची. रोजचं वजन हात धुवायच्या जागेवरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. ताटं तपासायला माणूस उभा करू नये. जेवणावरून कोणाला बोलणं हा अपमान आहे, आणि त्याचा राग पुढे सगळ्या प्रशिक्षणावर निघतो. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो साध्या रद्दीत चालत नाही. प्रत्येकाला नाव घातलेला स्टीलचा पेला आणि तो विसळायला नळ, एवढ्याने प्रश्न मिटतो.

हाउसकीपिंगच्या लोकांचं प्रशिक्षण सगळ्यांच्या आधी हवं. कामगारांनी वेगळा टाकलेला कचरा मागच्या गेटपाशी एकाच ट्रॉलीत पडताना दिसला, तर सगळी मेहनत त्या क्षणी संपते. आणि तसं घडतं ते बहुधा ट्रॉली एकच असते म्हणून. दोन ट्रॉल्या, वेगळ्या रंगांच्या पिशव्या, हातमोजे आणि भंगारवाल्याची वेळ, हे आधी ठरवायचं. डब्यांवर शब्दांपेक्षा खरी वस्तू लावावी: पुठ्ठ्याचा तुकडा, स्ट्रेच फिल्मची पट्टी, तेलकट चिंधी पारदर्शक पिशवीत घालून.

आयएसओ १४००१:२०१५ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकामध्ये ७.२ आणि ७.३ ही कलमं क्षमता आणि जाणीव यांची आहेत. त्यासाठी सह्यांचा कागद लागतोच. पण ऑडिटर थेट मशीनवर जाऊन ‘तुमच्या कामाने पर्यावरणावर काय परिणाम होतो?’ असं विचारतो, तेव्हा सही उत्तर देत नाही. आम्ही लेखी परीक्षा घेत नाही. महिन्याभराने त्याच माणसाला त्याच्या मशीनपाशी भेटतो आणि एक गळती शोधायला, एक चिंधी योग्य डब्यात टाकायला, सुट्टीचा बंद-क्रम करून दाखवायला सांगतो. जिथे दहातले सहा जण चुकतात, तिथे आधी डब्याची जागा किंवा चिकटवलेलं चित्र तपासतो.

परिणाम मोजताना युनिटची नुसती बेरीज घेऊ नये. ऑर्डर कमी झाली की वीज आपोआप कमी होते. दर १,००० जॉबमागे किंवा दर टन मालामागे किती युनिट, असं काढायचं आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडायचं. मे महिन्यातला एसी जुलैशी जोडला तर खोटं यश दिसतं. रविवारचं रीडिंग आणि कॉम्प्रेसरची लोड-अनलोड वेळ दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यायची. गळत्या परत येतात, कारण ट्यूब कडक होतात, मशीन कंपनाने जॉइंट सैल करतं आणि नवीन फिटर पुन्हा पकडीनेच ट्यूब कापतो.

दोन गट नेहमी सुटतात. एक रात्रपाळी. तिचा वर्ग रात्रीच, जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यायचा. दिवसा झोपमोड करून बोलावलेला माणूस ऐकत नाही, आणि ऐकायची अपेक्षाही धरू नये. दुसरा गट कंत्राटी कामगारांचा. ते सात-आठ महिन्यांत बदलतात, म्हणून वर्षातून एकदा घेतलेला वर्ग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. गेटपास देतानाच्या पहिल्या दिवसाच्या सुरक्षा-माहितीत त्यांच्यासाठी १५ मिनिटं ठेवायची. त्यात तीनच गोष्टी: कचऱ्याचे डबे, पावसाळी गटाराची जाळी, आणि कोऱ्या टॅगचा गठ्ठा कोणत्या खिळ्याला टांगला आहे.